पॉलिश पेपर आणि जावयाचा मान

आमच्या गाडीचे दोन्ही हेडलाइट मी स्वतःच्या हातांनी, भर दुपारी आणि सासऱ्यांच्या साक्षीने आंधळे केले.

तसे ते आधीपासून अधू होतेच. बुकित पंजांगला आमच्या ब्लॉकच्या कार पार्कमध्ये मला नेहमी गच्चीवरचीच जागा मिळते, कारण मी ऑफिसातून सगळ्यात शेवटी येतो. सिंगापूरचं ऊन वर्षानुवर्षं खाऊन हेडलाइटचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं आणि त्यावर चक्क साय धरली होती. (मी ती रोज पाहत होतो. पण बायको "दिसत नाही का तुला?" म्हणेपर्यंत नवऱ्याला काहीच दिसत नसतं!)

सोमवारी गाडीची तपासणी होती; त्यात पास झाल्याशिवाय मंगळवारपासून ती रस्त्यावर काढता येणार नव्हती. दिवे धुरकट असले तर गाडी नापास करतात, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. एरवी मी म्हटलं असतं, होऊ दे नापास, परत नेऊ. पण बायकोचे, म्हणजे मंजिरीचे वडील, आमचे अप्पा, बुधवारी पुण्याला परत निघाले होते. आणि मंजिरीला तिसऱ्या प्रयत्नात नुकतंच लायसन्स मिळालं होतं! "मंगळवारी मी स्वतः गाडी चालवत तुम्हाला ईस्ट कोस्टला समुद्रावर नेणार," असं तिने अप्पांना ठणकावून सांगितलं होतं. ठणकावून अशासाठी, की लहानपणी ती सायकलवरून पडली तेव्हा अप्पा म्हणाले होते, "मंजू, तू मागे बसलेलीच बरी." ते वाक्य तिने इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं. अप्पाही विसरले नसावेत, कारण मंगळवारचा विषय निघाला की ते लगेच तिकडे बस जाते का विचारायचे.

"गाडी वर्कशॉपला टाक," शनिवारी सकाळी मंजिरी म्हणाली.

"दोन दिव्यांसाठी वर्कशॉप? घरच्या घरी होतं ते! टूथपेस्टने!"

"मागे तू घरच्या घरी नळ दुरुस्त केला होतास, तेव्हा खालच्या मजल्यावर..."

"तो विषय संपलाय, मंजिरी."

"श्रीकांत, सोमवारी गाडी पास झाली पाहिजे. बाकी मला काही माहीत नाही."

मी कामाला लागलो. पण टूथपेस्ट संपली होती, म्हणून अप्पांनी पुण्याहून आणलेलं लाल दंतमंजन उचललं. (तत्त्व एकच ना!) सावलीतल्या मजल्यावर गाडी आणली आणि अर्धा तास मंजन चोळलं. दिवे गुलाबी झाले. अख्ख्या कार पार्कमध्ये लवंगेचा वास सुटला. शेजारचे लिम अंकल स्वतःच्या गाडीकडे जाता जाता थांबले, नाक वर करून हुंगले आणि म्हणाले, "वाह, युअर कार गो डेंटिस्ट आह?"

मी हसलो. माणसाने अशा वेळी हसावं. मग गुलाबी रंग धुऊन टाकला आणि थेट हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपरचा संच आणि दिव्यांवर लावायच्या कोटिंगची बाटली आणली.

आता इथे सगळा घोटाळा आपल्या मराठीने केला, असं माझं आजही म्हणणं आहे. पॉलिश पेपर! नावातच पॉलिश! कुठलाही घासला तरी चकाकीच येणार, असंच वाटणार ना माणसाला? त्यावर नंबर होते, चारशे, हजार, दोन हजार, तीन हजार. मी अकाउंट्समधला माणूस, आकड्यांना घाबरत नाही. चष्म्याचा नंबर जितका मोठा तितका चष्मा जालीम, तसाच कागदही, हे मी सेकंदात ताडलं. आधी जालीम, मग हळूहळू सौम्य. म्हणजे सुरुवात तीन हजारपासून!

एवढ्यात अप्पा प्लास्टिकचं स्टूल घेऊन खाली आले. "बसू का इथे? घरात करमत नाही." मी त्यांना कागद धरायला दिले.

"अप्पा, तीन हजार द्या."

अप्पा कागदांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. "तीन हजार? आधी?"

"हो, आधी."

"बरं. आमच्या वेळी उलटं असायचं. पण आता सगळंच बदललंय म्हणा."

"टेक्नॉलॉजी, अप्पा!" मी म्हणालो. होय, हे शब्द मी या तोंडाने उच्चारले.

तीन हजारने काहीच झालं नाही. दोन हजारनेही नाही. हजारने थोडी खरखर ऐकू आली, तेव्हा मला हुरूप चढला. अप्पा दोनदा खाकरले. "श्रीकांतराव, पाणीबिणी घेता का?" त्यांनी विचारलं. मला वाटलं प्यायला! मी "नको, तहान नाही" म्हणालो आणि शेवटच्या सौम्य हातासाठी चारशेचा कागद मागितला. अप्पांनी तो देताना डोळे मिटून घेतले. मला वाटलं, त्यांना डुलकी येतेय.

दहा मिनिटं मी जीव खाऊन घासलं. मागे सरून पाहिलं तर दोन्ही दिवे पांढरेफटक! पिवळेपणा गेला होता, कबूल आहे. पण त्याबरोबर दिव्यातून आरपार दिसणंही गेलं होतं. शिवाय कडेला पट्टी चिकटवायची असते हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे बॉनेटच्या कडेवरही मी थोडं पॉलिश करून ठेवलं होतं. लिम अंकल परत आले, वाकून बघितलं. "अय्यो! व्हाय यू पेंट व्हाइट?"

आणि त्याच क्षणी मंजिरी खाली आली.

ती ओरडेल म्हणून मी खांदे वर घेऊन तयार होतो. ती ओरडली नाही. दिव्यांकडे बघत एवढंच म्हणाली, "गेला माझा मंगळवार." ओरडली असती तर परवडलं असतं हो!

मग ती वडिलांकडे वळली. "अप्पा, तुम्ही इथेच बसला होतात? बत्तीस वर्षं कारखान्यात पॉलिश खात्यात काढलीत आणि नुसतं बघत बसलात?"

"अगं, जावयांच्या कामात कसं बोलायचं? आणि ते घासत होते इतक्या आत्मविश्वासाने, की मलाच वाटायला लागलं आपलं बत्तीस वर्षं चुकलं की काय!"

पॉलिश खातं? लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी अप्पांना प्रवास कसा झाला विचारलं, चहात साखर किती विचारलं, बीपीची गोळी घेतली का विचारलं. कारखान्यात तुम्ही नेमकं काय करत होता, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अप्पा, चुकलो. आता बोला. वाट्टेल ते बोला!"

"बोलू?"

"बोला हो!"

"मग आधी हो बाजूला."

अप्पांनी बाह्या सरसावल्या आणि स्टुलावरून एक वेगळाच माणूस उठला. आधी दिव्यांच्या कडेने संचातल्याच चिकटपट्ट्या लावून घेतल्या. "चारशे दे. लहान नंबर तोच खरखरीत! पाणी! अरे पाणी मार म्हणतोय ना! कोरडं घासतात का कधी? आणि जोर कशाला लावतोस, कढई आहे का ती? एका दिशेने. हं. आता धू. आता हजार, आडवा." लिम अंकल पाण्याची बाटली धरून उभे राहिले. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण अप्पांनी "पाणी" म्हटलं की ते बरोबर ओतायचे, माझ्या आधी! अकरा वर्षांत अप्पा मला पहिल्यांदा 'अरे' म्हणाले आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

दोन हजार झाला, तीन हजार झाला. शेवटी संचातली पॉलिशची क्रीम लावून कपड्याने गोल फिरवली आणि त्या पांढऱ्याफटक दुधातून आतला बल्ब हळूहळू दिसायला लागला. मंजिरी टाळ्या वाजवायला लागली. मी धुवायला बादली उचलली.

"झालं कुठे? हे असंच सोडलंस तर ऊन दोन महिन्यांत परत पिवळं करेल. कोटिंग कुणी लावायचं?" दिवा कोरडा करून अप्पांनी एकेक लांब हात फिरवला, डावीकडून उजवीकडे, मध्ये कुठेही न थांबता. मी सुकलंय का बघायला बोट पुढे केलं.

"हात मागे! उद्यापर्यंत कुणी शिवायचं नाही!"

रविवारी गाडी सावलीत आणि मी घरात, दोघंही जागचे हललो नाही. सोमवारी तपासणी केंद्रात तिथल्या माणसाने दिवे लावले, वाकून पाहिलं, पुन्हा लावले. मग त्याने कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "ओके, पास." मी इतका मोठा सुस्कारा सोडला, की त्याने मला "अंकल, यू ओके?" असं विचारलं.

मंगळवारी मंजिरीने गाडी काढली. अप्पा पुढे, मी मागे. पाया लेबारपर्यंत, म्हणजे निम्म्याहून जास्त रस्ता, अप्पा दाराची मूठ घट्ट धरून बसले होते. मग अप्पा हळूच म्हणाले, "मंजू, छान चालवतेस गं." त्यानंतरचं वळण तिचं चुकलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता ना! आम्ही मोठा वळसा घालून ईस्ट कोस्टला पोचलो आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

समुद्रासमोरच्या बाकावर बसून अप्पांनी पुण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. वाऱ्यात ऐकू येईना, म्हणून स्पीकर मोठा.

"अगं, मंजूने आणलं मला! हा बघ समुद्र!"

"बघितला. आणि त्या दिव्यांचं काय झालं? मंजू सांगत होती."

अप्पांनी हळूच माझ्याकडे पाहिलं आणि जावयाचा मान परत जागेवर ठेवला. "झाले की उत्तम! आणि एक सांगतो, घासण्यात आपल्या श्रीकांतरावांचा हात कुणी धरणार नाही!"

मी छाती फुगवायला नुकती सुरुवात केली होती, तोच स्पीकरमधून सासूबाईंचा आवाज आला.

"अहो, मग तुम्ही तरी धरायचा होतात!"