कोपऱ्यावरचं क्षेपणास्त्र

माझ्या मुलानं आजवर एकही क्षेपणास्त्र बनवलेलं नाही. बनवतो असं त्यानं कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगितलं मी. आणि 'साध्याभोळ्या बापाला फसवणारं पोरगं' असं नाव मात्र आठ वर्षं त्याचं झालं!

आता माझं वय एकाहत्तर. या वयात माणूस तीर्थयात्रा करतो. माझे गुडघे त्याला तयार नाहीत, म्हणून मी खरं बोलायचं ठरवलंय.

आधी माझी ओळख. मी एकतीस वर्षं बसस्थानकावर कंट्रोलर होतो. म्हणजे त्या जाळीच्या खिडकीमागं बसून माइकवरून गाड्या पुकारणारा माणूस. "पुण्याकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे," हे वाक्य मी इतक्या खात्रीनं म्हणायचो की, लोक पटापट पिशव्या उचलून उभे राहायचे. गाडीनं अजून वर्कशॉपही सोडलेलं नाही, हे त्या वेळी फक्त मला आणि देवाला माहीत असायचं. त्याला मी खोटं मानत नसे. प्रवाशांना धीर देणं मानत असे. (सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथंच आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच.)

माझा मुलगा नितीन आठ वर्षांपूर्वी चितेगावच्या एका कारखान्यात होता. दिवसभर नट-बोल्ट मोजायचे आणि बरोबर असतील तर बरोबर म्हणायचं, हे त्याचं काम. एका संध्याकाळी तो जेवता जेवता म्हणाला, "बाबा, मी राजीनामा दिला. पुण्याला चाललोय."

"वा! कोणत्या कंपनीत?"

"कोणत्याच नाही. तिथं जाऊन शोधतो."

माझा घास हातातच राहिला. आमच्या घराण्यात रिझर्वेशन असल्याशिवाय कुणी शेजारच्या फुलंब्रीलासुद्धा जात नाही!

"अरे, पुण्यात एका खाटेचं भाडं माहितीये का? तेवढ्यात इथं आपला आख्खा खालचा मजला भाड्यानं जातो!"

"खाटेवरच राहीन मग."

"जाऊ द्या हो त्याला," आमच्या सुमनताई आतून म्हणाल्या. (या माझ्या पत्नी. रागावल्या की मी त्यांना ताई म्हणतो.) "तोंड बघा त्याचं. बोल्टासारखं झालंय."

जाताना नितीननं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "बाबा, कुणाला सांगू नका. जमलं तर सांगूच. नाही जमलं, तर गुपचूप परत येईन. परत यायची वाट तेवढी मोकळी ठेवा."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "अरे, एकतीस वर्षं माइकसमोर बसलोय मी! तोंडावर माझा किती ताबा आहे!"

तो ताबा चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सण असतो. सगळी गल्ली बादल्या, पाइप, मोटारी घेऊन दारात उभी. शेजारी औताडे मास्तर. फुलंब्रीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले आणि कॉलनीचे कायमचे अध्यक्ष. सकाळपासून ते जावयाच्या पगारवाढीबद्दल सांगत होते. सांगता सांगता थांबले.

"कंट्रोलर साहेब, नितीन दिसंना कुठं?"

"पुण्याला गेलाय."

"कशापायी?"

'असाच' म्हणालो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण जावयाची पगारवाढ डोक्यात भिनली होती. मी घसा साफ केला आणि माझ्या तोंडून तोच आवाज बाहेर पडला, फलाटावरचा!

"नोकरी लागली."

"अरे वा! कंपनी कोणची?"

बादली वाहायला लागली. "नाव सांगता येत नाही," मी म्हणालो. (हे अक्षरशः खरं होतं. नावच नव्हतं!)

"का बरं?"

"तसा... नियम आहे."

मास्तर जवळ सरकले. आवाज खाली गेला. "म्हणजे सरकारी?"

मी नळ बंद केला.

"म्हणजे... संरक्षण खातं?"

मी बादली उचलली आणि घरात गेलो. न बोलणं म्हणजे होकार, हा नियम आमच्याकडं मुलगी दाखवण्यापासून सगळीकडं चालतो. पाणी जायच्या आत सुमन धावत आत आली.

"अहो, शेळकेबाई विचारत्यात, आपला नितीन रॉकेट बनवायला लागला व्हय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला नाय माहीत, ह्यांना विचारा. तर म्हणे, त्यांनीच तर सांगितलं!"

आमच्याकडं फ्लेक्स लागल्याशिवाय अभिनंदन झालं असं कुणी मानत नाही. वाढदिवस, बी. ए., नवा ट्रॅक्टर, सगळ्याला फ्लेक्स. तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या कोपऱ्यावर माझा मुलगा दहा फूट उंच उभा होता! फोटो चुलत बहिणीच्या लग्नातला, डोक्यावर फेटा. मागं आकाशात झेपावणारं क्षेपणास्त्र. फ्लेक्सवाल्यानं ते अशा बेतानं बसवलं होतं की, ते फेट्यातूनच सुटल्यासारखं दिसत होतं. 'देशाच्या संरक्षणासाठी रुजू झाल्याबद्दल भूमिपुत्राचे हार्दिक अभिनंदन!' खाली बावीस शुभेच्छुकांचे फोटो. त्यात चौथा मी. हात जोडलेला.

मग सत्कार. तोही माझाच, कारण भूमिपुत्र 'गुप्त कामगिरीवर' होते. शाल झाली, श्रीफळ झालं. इथपर्यंत मी निभावून नेलं असतं. पण मास्तरांनी माझ्या हातात माइक दिला! दारू सोडलेल्या माणसाच्या हातात कुणी बाटली देतं का?

"नितीन लहानपणापासूनच तासन् तास आकाशाकडं बघत असायचा," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. (तो पतंग बघायचा.)

तिकडं पुण्यात हा भूमिपुत्र एका खोलीत पाच जणांबरोबर राहत होता आणि मुलाखतीला घालायचा एकच पांढरा शर्ट धुऊन धुऊन वापरत होता. रविवारी फोन यायचा.

"बाबा, तिकडं सगळं ठीक? कुणी काही विचारत नाही ना?"

"कुणालाच काही माहीत नाही," मी सांगायचो. आमच्या खिडकीतून फ्लेक्स स्वच्छ दिसायचा.

अडीच महिने असे गेले. मग सत्तारभाई लेकीकडं पुण्याला निघाले. सत्तारभाई म्हणजे खुलताबादचे, माझे नोकरीपासूनचे दोस्त. मी गाडी पुकारायचो, ते ती चालवायचे. आणायला उशीर ते करायचे, शिव्या मी खायचो. सुमननं त्यांच्याकडं लाडवांचा डबा दिला, त्यांनी स्वतःच्या झाडाचे जांब घेतले आणि नितीनकडं जाऊन आले. परत आल्यावर ते खुर्चीवर बसले, पण चहाला हात लावेनात.

"साहब, एक बात बोलू?"

"बोला की."

"मिसाईल बनानेवाला पोरगा खाटेखाली पेटी ठेवून कायको राहतो?"

सुमन माझ्याकडं बघतेय, मी चहाकडं.

"और एक बात. पिछले शनिवार कू वो इधर आया था."

"इथं? घरी नाय आला!" सुमन म्हणाली.

"घर कैसा आता? थकून परत येत होता. कोपऱ्यापर्यंत आला, खुद का फोटू देखा, आणि त्याच रिक्षात बसून वापस स्टँडला गेला. मेरेकू बोला, 'चाचा, हरून येत होतो. पण त्या फोटोखालून हरून कसा जाऊ?'"

सुमन उठून आत गेली. ताटल्यांचा आवाज आला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी तसाच बसून राहिलो. ज्या फलाटावर मी एकतीस वर्षं लोकांना धीर दिला, त्याच फलाटावर माझा मुलगा पिशवी मांडीवर घेऊन परतीच्या गाडीची वाट बघत बसला असणार. आणि तिथून त्याचं घर रिक्षानं पंधरा मिनिटांवर होतं.

दुसऱ्या दिवशी मी फ्लेक्स उतरवायला निघालो. भर दुपारी, कॉलनी झोपलेली असताना, स्टूल आणि विळा घेऊन! पहिली दोरी हाताला लागते न लागते, तोच खालून आवाज आला.

"साहेब! फ्लेक्स पुसताय व्हय?"

औताडे मास्तर. हेडमास्तर निवृत्त झाला तरी दुपारी झोपत नाही, हे मी विसरलो होतो.

"अं... हो. धूळ लई बसलीय."

"शाबास! थांबा, ओला फडका आणतो."

आणि मी अर्धा तास उन्हात उभं राहून क्षेपणास्त्र पुसलं. मास्तर खालून "शेपटाकडं राहिलं, शेपटाकडं" म्हणत होते.

नितीनला पुढच्या महिन्यात नोकरी लागली. खरी. पंपांचे सुटे भाग तपासायची. मला वाटलं, सुटलो! पण दिवाळीच्या आधी मास्तरांच्या त्याच जावयाची आणि नितीनची पुण्यात गाठ पडली, आणि मास्तरांना पंपाचा पत्ता लागला. पाडव्याला ते आमच्याकडं फराळाला आले. नितीन समोरच.

"का रे, मिसाईलचं काय झालं?"

मी चिवड्याच्या वाटीत बघायला लागलो. नितीननं माझ्याकडं एकदाच पाहिलं.

"मास्तर, चूक माझी," तो म्हणाला. "मीच बाबांना थाप मारली होती."

मग मास्तरांनी त्याला जे झापलं! "इतक्या साध्या बापाला फसवतो? या माणसाच्या तोंडून कधी खोटा शब्द निघालाय का?" मी चिवडा खात राहिलो. माझी वाटी संपली, तेव्हा मास्तरांची घेतली. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरचा फ्लेक्स उतरला. सुमननं त्यानंतर आठ दिवस माझ्याशी फक्त "पाणी आलंय" एवढंच बोलणं ठेवलं.

नितीननं पुढं हा विषय कधीच काढला नाही. त्यानं एकदा जरी आवाज चढवला असता, तरी मला बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "बाबा, राजीनामा दिलाय. आम्ही दोघं नवरा-बायको बंगळुरूला चाललोय. आता स्वतःच्या मनासारखं काम करायचंय."

"नोकरी?"

"तिथं जाऊन शोधतो."

मग तो हळूच म्हणाला, "बाबा, तेवढं कुणाला..."

"सांगणार," मी म्हणालो. "या वेळी सगळं सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या कट्ट्यावर सगळी म्हातारी मंडळी जमली होती. मी उभा राहिलो. म्हणालो, "माझा पोरगा बंगळुरूला चाललाय. हातात नोकरी नाय. मागच्या वेळी पुण्यालाही नव्हती. थाप मी मारली होती, अन् तुमच्या शिव्या त्यानं खाल्ल्या."

मग सत्तारभाई म्हणाले, "एकतीस आणि आठ, एकोणचाळीस साल में इनकी गाडी पहिली बार आई. लेट आई, मगर आई!"

मास्तरांनी चष्मा पुसला. "म्हणजे मी त्या लेकराला उगाच अर्धा तास झापलं?"

"चाळीस मिनिटं," मी म्हणालो. आता खरंच बोलायचं, तर पूर्ण बोलावं.

मास्तरांनी तिथूनच नितीनला फोन लावला, स्पीकरवर. माफी मागताना हेडमास्तरांचा आवाज चौथीतल्या पोरासारखा झाला होता. नितीन हसायला लागला. "जाऊ द्या हो मास्तर. त्या फ्लेक्सनं परत धाडलं, म्हणून तर पुण्यात टिकलो. फक्त बाबांना म्हणावं, पुन्हा नको."

"बंगळुरूत जमलं तर उत्तम," मास्तर म्हणाले. "नाय जमलं तर सरळ घरी ये. कोपरा मोकळा आहे, बाळा."

कोपरा बरोबर तीन दिवस मोकळा राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो आणि तिथंच थबकलो. दहा फूट उंच मी! 'सत्यवचनी, निर्भीड, कॉलनीचे आदर्श यांचे हार्दिक अभिनंदन!' घाईत फ्लेक्सवाल्यानं जुनीच फाइल काढली होती. नितीनला काढून तिथं मला बसवलं, मागचं सगळं तसंच. आता ते क्षेपणास्त्र थेट माझ्या टकलातून सुटतंय.

संध्याकाळी नितीनचा फोन. "बाबा, जायच्या आधी दोन दिवस घरी येतोय. कोपऱ्यावर काही नाही ना?"

मी खिडकीतून पाहिलं. "आहे. पण तू मान वर करून ये. खाली घालायची पाळी या वेळी माझी आहे."

रविवारी माझ्या खरेपणाचा जाहीर सत्कार आहे. शाल घेईन, श्रीफळही घेईन. मात्र काहीही झालं तरी माझ्या हातात माइक देऊ नये, असा लेखी अर्ज मी मास्तरांकडं देऊन ठेवलाय.