जुन्या कार्डांवरचे पेन्सिलचे आकडे

ती घटना आजही आठवते, आणि हल्ली जरा जास्तच आठवते. सत्तरच्या दशकाची अखेर होती. फौजदार म्हणून माझी नेमणूक सांगली जिल्ह्यात होती. तिथल्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला होता. कुणाच्या उसाला तोड कधी, हे तो ठरवायचा. मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. हिशेब कसा करायचा हे त्याला भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून सांगावे लागे, एवढे समजले. त्यात चूक सापडली, की पुण्याहून दुरुस्त कार्डे येत. जुनी काढून ती घालायची.

अशाच दुरुस्त कार्डांचा एक खोका चोरीला गेल्याची फिर्याद आली. जुन्या कार्डांमुळे एका गावाची पाळी दोनदा हुकली होती. ऊस वाळत होता आणि लोक गेटवर बसले होते.

मी पंचनामा केला. कॉम्प्युटरच्या खोलीचे कुलूप शाबूत, म्हणजे चोर घरचाच. चहावाल्याने मला बाजूला घेतले.

"सायेब, खोका कुटं गेला न्हाई. अण्णांच्या कपाटात हाय. म्या च्या द्यायला गेलतो तवा बगितलाय."

अण्णा म्हणजे तो कॉम्प्युटर चालवणारे. निवृत्तीला वर्ष उरलेले. खोका कपाटातच सापडला, सीलसुद्धा फोडलेले नव्हते. नोकरी जाणार हे त्यांना दिसत होते, तरी तासभर तोंड उघडेनात. मी आवाज चढवला. पण खोटे बोलणारा माणूस सहसा फार बोलतो, म्हणून मी जरा थांबलो. यंत्रातला जुना गठ्ठा उचलला. पडला तर पुन्हा लावता यावा म्हणून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहिला होता.

"अक्षर कुणाचं?"

अण्णा खालीच बसले. "आमच्या मंडळींचं. हितंच कार्डं पाडायला हुती. मागल्या साली मिरजंच्या दवाखान्यात वारली. नवी आली की जुनी बॉयलरात टाकत्यात, सायेब. रोज सकाळी तिच्या हातचं तेवढंच हाताला लागतंय."

"त्यापायी गावाचा ऊस वाळवलात?" मी ओरडलो. नवी कार्डे त्यांच्याच हातून घालायला लावली. खोका कारखान्याबाहेर गेलाच नव्हता, तेव्हा चोरी घडली नाही असा अहवाल दिला. जुना गठ्ठा मात्र मॅनेजरकडून रद्दी म्हणून मागून घेतला आणि अण्णांच्या सायकलीला बांधून दिला.

माझा मुलगा आता पुण्यात मोठे सर्व्हर सांभाळतो. जुने वेळेवर काढून नवे घातले नाही तर सगळे कोसळते, म्हणतो. खरेच आहे, त्या गावाने ते भोगले होते. गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. परवा सूनबाईंनी मसाल्याचे नवे डबे आणले. मी जुन्या डब्यांवरच्या, पत्नीच्या हातच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने सोडवत बसलो. अण्णांवर आवाज चढवला होता, त्याची त्या दिवशी फार लाज वाटली.