तीनदा दाबलेलं बटण

ऑनलाइन अर्ज नवेनवे होते त्या काळातली गोष्ट. माझ्या मुलीला फार्मसीला जायचं होतं, तेही शहरातल्याच कॉलेजात. फॉर्म वेबसाइटवरच भरायचा होता. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही शिवाजी पेठेतल्या एका नेट कॅफेत जाऊन बसलो.

मुलीनं एकेक रकाना भरला, मी प्रत्येक आकडा गुणपत्रिकेशी दोनदा ताडून पाहिला. मग तिनं 'अर्ज पाठवा' हे बटण दाबलं. काहीच झालं नाही. पान तसंच, बटणही तसंच. मी घड्याळ लावून बसलो. एक मिनिट दहा सेकंद गेले.

"पप्पा, गेला का ओ?" तिनं विचारलं.

कॅफेचा मालक मागून म्हणाला, "पावणं, एकदा दाबून न्हाय भागत. हितं सगळी तीनदा दाबत्यात. दाबा की."

तिनं पुन्हा दाबलं, थांबली, तिसऱ्यांदा दाबलं. 'अर्ज मिळाला' असं उमटलं.

"बगा," मालक म्हणाला, "तिसऱ्याला हुतंयच."

आठवड्याभरानं यादी लागली, त्यात तिच्या नावापुढं 'रद्द' होतं. मी प्रवेश कार्यालयात गेलो.

"तीन अर्ज कशाला भरलासा?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं. "एकाहून जास्त अर्ज आले की सगळे रद्द. नियम हाय."

मी छापील नोंद मागून घेतली. पहिला अर्ज चार वाजून बारा मिनिटांनी, दुसरा तेरा, तिसरा पंधरा मिनिटांनी. म्हणजे आम्ही दुसऱ्यांदा बटण दाबायच्या आधीच पहिला तिथं पोचला होता. यंत्राला ते ठाऊक होतं, फक्त आम्हाला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या गिरणीत दहा डबे रांगेत असले तरी गिरणीवाला म्हणतो, "ठेवा डबा, तासानं या." माणूस निश्चिंत घरी जातो. आपला डबा तीनदा उचलून तीनदा ठेवत नाही. दळण लवकर मिळावं असं आमचं म्हणणंच नव्हतं. डबा घेतला, एवढं कुणी सांगायला हवं होतं. एवढी अक्कल त्या वेबसाइटला नव्हती, आणि ती बनवणारे म्हणे मोठे इंजिनियर.

मी कारकुनाला म्हटलं, "बटण दाबल्यावर ते बंद व्हावं आणि 'अर्ज पोचतोय, थांबा' एवढं दिसावं. बास."

"त्ये पुण्याची कंपनी बगती. लेखी द्या. आन् पोरीचा अर्ज दुसऱ्या फेरीला नव्यानं भरा."

मी दिलं. दुसऱ्या फेरीला वेबसाइट उघडली, तर वर लाल अक्षरांत नवी ओळ होती: 'बटण एकदाच दाबावे, अन्यथा अर्ज रद्द होईल.' बटण मात्र पूर्वीसारखंच मुकं. चूक त्यांची आणि दम आम्हाला.

मुलीनं एकदा दाबलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. चार मिनिटांनी उत्तर आलं. पण शहरातल्या जागा पहिल्याच फेरीत भरल्या होत्या. तिला कागलच्या पलीकडचं कॉलेज मिळालं. चार वर्षं ती पहाटे पाचला उठून सव्वासहाची एसटी धरत होती.