कापून आलेलं कापड

अर्जुनी मोरगावला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान होतं. आसपासच्या शाळांचे गणवेश, थेट केशोरीपर्यंतचे, आमच्याकडेच शिवले जायचे. उन्हाळ्यात सहा मशिनी एकदम चालायच्या.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या, म्हणजे आम्हीही बंद. नुसतं मशिनींना तेल देत बसलो. शाळा उघडल्यावर जरा सावरत होतो, तेवढ्यात सरकारनं ठरवलं की खेड्यातल्या बायांना पुन्हा काम मिळावं म्हणून गणवेश आता बचत गटांनी शिवायचे. कापड एकाच ठिकाणाहून कापून येणार. दुकानदारांना त्यात कुठेच जागा नव्हती.

तालुक्यातले आम्ही नऊ जण, शिलाईवाले आणि कापडवाले, निवेदन घेऊन पंचायत समितीत गेलो. साहेब तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

"तुमचं नुकसान होतंय हे मला दिसतंय," ते म्हणाले. "पण ही योजना लोकांना काम देण्यासाठीच आहे ना?"

"मग आम्ही लोक नाही का, साहेब?" मी विचारलं.

त्यांनी निवेदनाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. बाहेर आल्यावर आमच्यातला एक कापडवाला "चलो, हो गया," म्हणाला आणि स्कूटर काढून निघून गेला.

माझ्याकडे बारा वर्षं काज-बटण करणारी बाई त्याच आठवड्यात सांगायला आली. "भाऊ, गटात नाव टाकलं जी. घरीच शिवाचं हाय. राग नका धरू."

राग कशाचा, असं मी म्हणालो. पण धरला होता.

शाळा सुरू होऊन महिना उलटल्यावर कापड आलं. चार दिवसांनी ती पावसात भिजत दुकानात आली, गठ्ठा मात्र प्लास्टिकमध्ये कोरडा ठेवलेला. तिनं तुकडे माझ्या टेबलावर पसरले.

"खांदा मोठ्या पोराचा अन् बाही लहान्याची. कायले असं कापलं असन? मले नाई समजून राहिलं जी. कसं जोडू?"

मी कापड हातात घेतलं. काखेत एक कळी, म्हणजे छोटा तिकोनी जोडतुकडा, घातली असती तर बाही बसली असती. तिला एकदा दाखवलं असतं तरी पुढचं सगळं तिनं केलं असतं.

"ज्यानं कापलं त्याले इचार," मी म्हणालो. "सरकारले इचार."

तिनं तुकडे गोळा केले. "तुमाले येते म्हणून आली होती," म्हणाली, आणि गठ्ठा बांधून गेली.

पंधरा ऑगस्टला जुन्या ओळखीनं बोलावलं म्हणून मी तिच्या गावच्या शाळेत झेंडावंदनाला होतो. सलामीला हात वर केले तशा अनेक मुलांच्या बाह्या काखेत उसवल्या. एक मास्तरीण सेफ्टी पिना घेऊन रांगेतून फिरत होती. कार्यक्रम संपल्यावर शाळा समितीच्या एका माणसानं गटाच्या बायांना सगळ्यांसमोर झापलं, "हे शिवणं हाय का तुमचं?" त्यांच्यातच उभ्या असलेल्या तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकलो असतो. मी चपला शोधू लागलो.

दिवाळीनंतर चार मशिनी विकल्या. गट मोडला, आणि ती नवऱ्याबरोबर हैदराबादकडे बांधकामावर गेल्याचं कानावर आलं.

पुढे सरकारनं तो निर्णय मागे घेतला. एका जुन्या गिऱ्हाईक शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला, "आता तुम्हीच शिवा. तुमच्या त्या काज-बटणवाल्या बाईला बोलवा, तिचा हात चांगला होता."

तिचा नंबर लागत नव्हता, म्हणून मी तिच्या गावी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारीण अंगणात धान वाळवत होती.

"आता काऊन येतीन जी ते?" ती म्हणाली. "पोरगी तिकडच्याच शाळेत टाकली."

मी मुख्याध्यापकांना जमणार नाही म्हणून कळवलं. यंदाचे गणवेश गोंदियाहून तयार आले म्हणतात. मी बघायला गेलो नाही.