काट्यावरची मागे पडलेली चौकट

आज बीडच्या ऑफिसात प्रोग्राम अडकला. कुठंही क्लिक केलं की नुसतं टण् वाजायचं, आणि मला मळीचा आंबूस वास आठवला.

काही वर्षांपूर्वी मी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ऑपरेटर होतो. एकदा सकाळीच स्क्रीन अशी अडकली. दुपारपर्यंत बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. उन्हात ऊस वाळत होता, वजन घटत होतं. शिरूर कासारच्या ऊसतोड करणाऱ्या सखूबाई खिडकीशी आल्या. “कावून थांबलंय? बैलं कवाची जुपल्याली हायेत.”

शेवटी प्रोग्राम लिहिणारे साहेब आले. त्यांनी दोन बटणं दाबली, तशी मोठ्या विंडोमागं दडलेली छोटी चौकट पुढं आली. तिच्यात लिहिलं होतं, ‘वजन नोंदवायचे का?’

“हिची मालक विंडो कोणती, ते प्रोग्रामात सांगायचं राहिलं,” साहेब म्हणाले. “सांगितलं की ही मागं पडत नाही.”

आता मीही प्रोग्राम लिहितो, असली चूक मला लगेच सापडते. तेव्हा वाटलं होतं, यंत्र बंद पडलं. ते तर उत्तराची वाट बघत होतं.

सखूबाईंनी विचारलं, “काय इचारतंय ते?”

मी वाचून दाखवलं.

“मंग हो म्हना की सायेब. सकाळधरनं आमी दुसरं काय म्हनतोय?”