सोमवारची बॅटरी

चोर हा शब्द मला आयुष्यात एकदाच कुणी तोंडावर म्हटला. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. म्हणणारा गेला, ती गाडी भंगारात गेली, मुलुंडचा तो बंगला पाडून तिथं सात मजली इमारत उभी राहिली. माझा राग तेवढा जागच्या जागी आहे. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. निवत असतील दुसरे.

मी चौथी नापास. पण गाडी मला वाचता येते. मालवणाकडून मुंबईला आलो तो आधी ट्रकवर क्लीनर होतो. आमचा उस्ताद कमरेत लाथ घालून शिकवायचा, पण शिकवायचा. भर उन्हात घाटात ट्रक बंद पडला की मला खाली उतरवून विचारायचा, "बोल, काय दुखतंय तिला?" आणि मी बरोबर सांगेपर्यंत पाणी प्यायला द्यायचा नाही. त्या शाळेत मी पास झालो.

सत्तर सालच्या मागेपुढे मी मुलुंडला एका साहेबांकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. त्यांचा भांडुपला पत्र्याचे डबे करायचा कारखाना होता. गाडी जुनी विलायती, काळी, लांबलचक. आत घड्याळ, मागच्या सीटला पेपर वाचायला वेगळा दिवा. डिकीचं झाकण उचललं की डिकीतसुद्धा आपोआप दिवा लागायचा. मी ती गाडी अशी पुसायचो की साहेब तिच्या दारात बघून भांग पाडत.

दर शनिवारी मी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधायचो. एक लिंबू, सात मिरच्या, काळा दोरा. कुणी अडाणी म्हणो. आग्रा रोडला ट्रक कसे चालतात ते मला ठाऊक होतं, कारण मी त्यांच्यातलाच होतो. एकदा कारखान्यात कुणी गोरे पाहुणे आले आणि बंपरकडे बोट दाखवून हसले. त्याच संध्याकाळी साहेबांनी फर्मान काढलं.

"ते लोंबकळतंय ते काढून टाक. माझी गाडी आहे, भाजीची हातगाडी नाही."

काढलं. पण गाडीत पुढं कोण बसायचं? मी. ठोकर बसली असती तर काचेतून पहिला कोण बाहेर गेला असता? मीच. मग मी लिंबू-मिरची डिकीत बांधायला लागलो. झाकणाच्या बिजागरीला आतून एक वाकडा दांडा होता, त्याला. डिकीत नुसती स्टेपनी आणि माझी हत्यारं. साहेब तिथं कशाला बघतायत?

बायकोला सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, "दृष्टीक दिसणारच नाय, तर लिंबू बांधतास कित्याक?"

मी म्हटलं, "तू गप ऱ्हव."

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी बॅटरी उतरायला लागली.

सोमवारी सकाळी चावी फिरवली की इंजिन एकदा कण्हायचं आणि गप. मग मी पुढून लोखंडी हँडल खुपसून इंजिन फिरवायचो. हँडल उलटलं की काय होतं हे ज्याच्या मनगटाला लागलंय त्यालाच कळेल. एका सोमवारी माझा हात कोपरापर्यंत सुजला. साहेब पोर्चमध्ये बॅग घेऊन उभे, सारखे घड्याळ बघत. हाताचं एका शब्दानं विचारलं नाही.

आग्रा रोडला साहेबांचा ठरलेला गॅरेजवाला होता. भिंतीवर काच लावून सर्टिफिकेट टांगलेला मिस्त्री. त्याला गुरुवारशिवाय सवड नसायची, म्हणून गाडी त्याच्याकडे दर वेळी गुरुवारी जायची. त्यानं डायनॅमो तपासला, वायरी तपासल्या. गाडीत कुठंही करंट झिरपत नाही म्हणाला, बॅटरीच म्हातारी झालीय. साहेबांनी नवी कोरी बॅटरी घातली. दोन सोमवार बरे गेले. तिसऱ्या सोमवारी परत तेच, एकदा कण्हली आणि गप.

साहेबांनी मिस्त्रीला बंगल्यावरच बोलावून घेतलं. तो बॉनेटमध्ये वाकला, बॅटरीवर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, नवी बॅटरी तीन आठवड्यांत बसत नाही. ही आपली बॅटरी आहे कशावरून? ड्रायव्हर लोकांचे असले धंदे चालतात. नवी विकायची, जुनी रंगवून ठेवायची."

मी म्हटलं, "मिस्त्री, तोंड सांभाळ."

साहेब माझ्याकडे बघत होते. व्हरांड्यात बाईसाहेब उभ्या होत्या, गेटवर वॉचमन होता. त्या सगळ्यांच्या देखत साहेब म्हणाले, "घरात चोर पाळलाय मी. जेवू घालतोय त्याला."

पायाखालची जमीन सरकली वगैरे लोक लिहितात. माझी काही सरकली नाही. मी उभाच होतो, आणि हँडलचा मार खाल्लेला माझा हात आपोआप मुठीत वळला होता. तो मी उचलला नाही, याचा मला अभिमान वाटायला पाहिजे असं लोक म्हणतात. मला वाटत नाही.

घरी आलो. बायकोला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीच. "तुमका चोर म्हटल्यान, आणि तुमी ऐकान इलात?"

"मग काय करू? डोकी फोडू?"

"डोकी नको. खरां काय ता त्येंच्या नाकासमोर ठेवा. मगे बोला."

बाईमाणसाचं ऐकायची मला सवय नव्हती. पण त्या दिवशी ऐकलं. भिंतीला टेकून बसलो आणि विचार करायला लागलो. बॅटरी मरते सोमवारी. मिस्त्री बघतो गुरुवारी. गुरुवारी गाडी धुतल्या तांदळासारखी स्वच्छ आणि सोमवारी मेलेली. गाडीला वार कळतात काय? म्हणजे शनिवार-रविवारात काहीतरी होत होतं आणि गुरुवारपर्यंत मिटत होतं. आणि ते शोधायचं तर रविवारीच शोधायला पाहिजे. एवढी साधी गोष्ट त्या काचेतल्या सर्टिफिकेटाला कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, "मला एक रविवार द्या. तुम्ही समोर पाहिजे. तो मिस्त्रीपण पाहिजे. माझी चोरी निघाली तर पोलिसांत द्या."

साहेब म्हणाले, "तू शोधणार? जे मिस्त्रीला सापडलं नाही ते?"

"हो. मीच."

आठवडाभर गाडी चालवली, पण साहेबांशी 'हो' आणि 'नाही' याच्यापलीकडे बोललो नाही. शनिवार आला. नेमाप्रमाणे मुलुंड स्टेशनाबाहेरून लिंबू-मिरची आणली, सुकलेली जुनी काढली, ताजी बांधली. चांगलं टपोरं लिंबू निवडलं. म्हटलं, देवा, उद्या माझी लाज राख.

रविवारी सकाळी दहाच्या उन्हात गाडी बंगल्याच्या अंगणात होती. वॉचमन खुर्ची टाकून बसलेला. बाईसाहेब व्हरांड्यात. मिस्त्री पांढरा शर्ट घालून आला होता, हात काळे करायचा त्याचा विचार नव्हताच.

उस्तादानं शिकवलेली रीत सोपी होती. बॅटरीची एक वायर सोडवायची आणि वायर आणि बॅटरी यांच्या मधे एक बल्ब जोडायचा. गाडीत सगळं बंद असेल तर तो बल्ब लागायला कारण नाही. लागला, तर कुणीतरी लपून करंट पितंय.

मी वायर सोडवली, बल्ब जोडला. बल्ब लागला. मंद, विडीच्या टोकासारखा, पण लागला.

मी बाजूला झालो. "मिस्त्री, बघ. माझी रंगवलेली बॅटरी. कुठंही करंट झिरपत नाही ना?"

मिस्त्रीचं तोंड उतरलं. साहेब पुढं येऊन वाकले. "हे काय आहे?"

"हे गुरुवारी दिसत नाही, साहेब."

मग एकेक फ्यूज काढायला लागलो. हॉर्नचा काढला, बल्ब तसाच. वायपरचा काढला, तसाच. आतल्या दिव्यांचा काढला आणि बल्ब विझला. परत बसवला, लागला. म्हणजे चोर त्या ओळीत होता. त्या ओळीत चारच वस्तू: घड्याळ, छताचा दिवा, मागच्या सीटचा दिवा, डिकीचा दिवा. घड्याळाची वायर मी आधी सोडवली. काही फरक नाही.

"मिस्त्री, तू बल्बावर नजर ठेव. मी एकेक दिवा लावतो. उजेड वाढला की ओरड."

दार उघडलं, छताचा दिवा लागला. "वाढला!" मिस्त्री म्हणाला. म्हणजे तो दिवा आधी बंद होता, चांगला होता. दार लावलं. मागच्या सीटच्या दिव्याचं बटण दाबलं. "वाढला!" तोही निर्दोष. ते बंद करून मी मागं गेलो आणि डिकीचं झाकण उचललं.

"काय?" मी ओरडलो.

"काही नाही. तसाच आहे."

"नीट बघ."

"अरे बघतोय ना! तसाच."

डिकीतला दिवा माझ्या समोर मिणमिणत होता. झाकण उघडल्यावर तो लागला असता तर पुढचा बल्ब वाढायला पाहिजे होता. वाढला नाही. म्हणजे हा आधीपासून लागलेलाच होता. झाकण बंद असताना, अंधारात, कुणाला न दिसता.

आणि त्याच्या शेजारी बिजागरीच्या दांड्याला माझं लिंबू झुलत होतं.

दिव्याच्या बटणाची पितळी पाती त्या दांड्याखालीच होती. झाकण वर गेलं की दांडा पातीला दाबायचा, दिवा लागायचा. झाकण मिटलं की पाती सुटायची, दिवा विझायचा. पण ताजं लिंबू मधे आलं की झाकण मिटल्यावर तेच पातीवर दाबून बसायचं. बुधवारपर्यंत डिकीच्या उकाड्यात सुकून आकसायचं, पाती सुटायची, आणि गुरुवारी मिस्त्रीकडे गाडी स्वच्छ. मी लिंबू हातात घेऊन फिरवलं. सालीवर पातीचा सरळ वळ उमटला होता.

लिंबाला वायर नसते, म्हणून मला कधी त्याचा संशय आला नाही.

मी दोरा तोडला, लिंबू मुठीत घेतलं आणि झाकण आपटलं. पुढून मिस्त्री किंचाळला, "विझला! काय केलंस रे?"

बॉनेट वर होतं, त्यामुळं त्यांना मी दिसत नव्हतो. खिशात टाकलं असतं तर संपलं असतं. वायर लूज होती, आवळली, असं म्हटलं असतं. मिस्त्रीनं मान डोलावली असती, साहेबांनी पाठ थोपटली असती. त्या उन्हात मी मूठ मिटून किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. पण खोटं बोलून चोर नाही ठरायचं, म्हणजे खरोखरच चोर व्हायचं.

मी पुढं आलो आणि मिरच्यांसकट लिंबू पुढच्या मडगार्डवर ठेवलं. "हे डिकीच्या दिव्यात अडकत होतं. लिंबू माझं. तुम्ही बंपरला बांधू दिलं नाही म्हणून आत बांधलं होतं."

मग साहेब हसले. पोट धरून हसले. बाईसाहेब हसल्या, वॉचमन हसला. मिस्त्री तर असा हसला, जणू त्यानंच शोधून काढलं.

साहेब डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे चोर नाही, मूर्ख! चला, बरं झालं. नवी बॅटरी फुकट घालायला लावलीस मला."

मी म्हटलं, "मूर्ख म्हणा. ते मी ऐकून घेतो. पण त्या सोमवारी तुम्ही दुसरा शब्द बोलला होतात. याच जागी, याच माणसांसमोर. तो परत घ्या."

"अरे, रागाच्या भरात बोलतो माणूस. सोड आता. आत जा, चहा घे."

"चहा नको. शब्द परत घ्या."

साहेबांचं हसू गेलं. "मी तुला काय हात जोडू? चूक कुणाची निघाली? तुझीच ना?"

"चूक माझी निघाली. चोरी निघाली नाही."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. बॅटरीची वायर मी परत जागेवर जोडली, नट आवळला, बॉनेट पाडलं. चावी मडगार्डवर लिंबाशेजारी ठेवली आणि गेटातून बाहेर पडलो. वॉचमन म्हणाला, "अरे यार, एवढ्याशा गोष्टीवरून?" त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

महिनाभरानं मिस्त्री आमच्या खोलीवर आला. आता अहो-जाहो करत होता. "साहेबांनी बोलावलंय. नवा ड्रायव्हर गिअर आपटतो म्हणतात."

"शब्द परत घेतलाय का त्यांनी?"

"कसला शब्द?"

"मग जा. आणि जाताना जिन्यावर डोकं सांभाळ, वरची तुळई खाली आहे."

तो गेल्यावर बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "त्येंनी शब्द परत घेवचो होतो, ता खरां. पण तुमी थंय 'मी चुकलंय' म्हटलात?"

"लिंबू माझं म्हटलं ना सगळ्यांसमोर!"

"लिंबू माझां म्हणणां येगळां. चुकलंय म्हणणां येगळां."

मी उठून बाहेर गेलो. त्या दिवशी घरी जेवलो नाही, घाटकोपरला भावाकडे जाऊन जेवलो.

पुढं मी टेम्पो चालवला, मग टॅक्सी. ज्या ज्या गाडीवर बसलो तिच्या बंपरला पुढं, सगळ्या जगाला दिसेल असं लिंबू बांधलं. साहेबांनी त्यांचा शब्द मागे घेतला असता तर मीही म्हणालो असतो, चुकलो. तोंडावर म्हणालो असतो, मिस्त्रीसमोरसुद्धा. पण आधी त्यांनी बोलायला पाहिजे होतं.