देखणी बुरशी

सावली गावाकडच्या एका शेताच्या बांधावर कापसाच्या पऱ्हाट्या कुजत पडल्या होत्या. त्यांच्यावरची बुरशी मी लॅबमध्ये आणली आणि माझी पीएच.डी. तिच्या गळ्यात बांधली. साखरेच्या पाण्यात तिला आंबवलं की त्या पाण्यात काहीतरी उतरायचं. त्याचा थेंब जंतूंच्या प्लेटवर टाकला की भोवतालचे जंतू मरून स्वच्छ कडं पडायचं. पहिलं कडं पडलं तेव्हा माझ्या गाइडबाईंनी अख्ख्या विभागाला बोलावून ते दाखवलं होतं.

मग ते कडं आक्रसत गेलं आणि होळीपर्यंत पार नाहीसं झालं. साखर बदलली, तापमान बदललं, फ्लास्क हलवणारं यंत्र दोनदा उघडून घेतलं. ताजी बुरशी आणायला पुन्हा सावली गाठली, तर बांधाच्या जागी पत्र्याचं कुंपण. सुभानपुऱ्यात घरी आई नुसतं "जेवून घे" म्हणाली तरी मी तिच्यावर खेकसायचे. बाई उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. त्या गेल्यावर निकामी बुरशी घेऊन बसलेल्या मुलीला कोण विचारणार, या धास्तीने मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि ही बया दिसायला मात्र दिवसेंदिवस देखणी होत होती. नव्या प्लेटवर लावताना सगळ्यांत जोमदार, पांढराशुभ्र तुकडा उचलायचा, ही बाईंची शिस्त. "मरतुकडं घ्यायचं नाही हं. चोख्खं तेवढंच पुढे न्यायचं, बराबर?" असं त्या प्रत्येकीला बजावत. मीही इमानेइतबारे तेच करत आले होते.

एप्रिलमध्ये टाकून द्यायला काढलेल्या एका प्लेटच्या कडेला मला करडा, सुरकुतलेला पट्टा दिसला. शेतातून आणली तेव्हा बुरशी अशीच होती. मी तो करडा तुकडा आणि पांढरा तुकडा वेगवेगळे आंबवले. बाईंना आधी सांगायची हिंमत झाली नाही.

निकालाच्या दिवशी त्या नेमक्या टेबलापाशी आल्या. "चालो, बघू," म्हणत प्लेट त्यांनीच उचलली. पांढऱ्याच्या थेंबापाशी जंतू खुशाल वाढले होते. करड्याच्या थेंबाभोवती पहिल्यासारखं रुंद कडं होतं. मला एकदम रडू फुटलं.

बाईंनी प्लेट खाली ठेवली नाही. "जी नुसती वाढण्यात गुंग, ती औषध कशाला करत बसेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आपणच निवडून निवडून हिचा गुण घालवला गं." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आधीच्या मुलींच्या किती बुरश्या मी निकामी म्हणून बंद केल्या असतील?"

त्या मुलींतली एक जण पीएच.डी. अर्धवट सोडून गेली होती, आणि जाताना "चुकलं माझंच" म्हणाली होती, हे आम्हा दोघींनाही आठवत होतं.